साबणाचं पाणी

तापातून उठले, तर नाक घरी नव्हतं.
हिंगाचा खडा हुंगला, लसूण ठेचून हुंगला,
शेवटी भावानं रॉकेलचा बोळा धरला नाकापुढं.
कोरडं. मे महिन्यातल्या सेलूच्या नळासारखं.
डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.
दुसरी दिवाळी गेली.

मोगऱ्याचं मी सोडून दिलं.
भाकर करपली तर डोळे सांगतात,
डाळ लागली तर पातेल्याचा आवाज बदलतो.
पण वसतिगृहाच्या पोरांच्या चाळीस भाकरी रोज,
आणि दिवसभर पेटती शेगडी.

टाकी खांद्यावरून उतरवताना मुंजाजी म्हणाला,
काकू, गॅसला आपला वास नसतोच.
मुद्दाम घालतात, माणसाला कळावं म्हणून.
मी टाकीकडं बघत राहिले.
कुठल्या कारखान्यात कुणीतरी
माझ्यासाठी निरोप घालून धाडलाय,
आणि तो दारात येऊन
घरात कुणी नाही म्हणून परत जातो.

त्या संध्याकाळी लाइट गेली होती.
दूध उतू गेलं, जाळ विझला, मी ओट्यावर गहू निवडत.
लाइट आली की आत जाऊन बटन दाबायचं, एवढंच मनात.
भिंतीपलीकडून नुसरत ओरडली,
बटनाला हात नको! काडी नको! उठ तिथून!
चप्पल न घालता आली, ओढणी नाकाला,
कान पिळावा तसं रेग्युलेटर बंद केलं,
दोन्ही दारं, खिडकी, मोरीचं झापडसुद्धा उघडलं.
तो वर जात नाही, म्हणाली,
फरशीला धरून रांगत येतो लेकरावाणी.
मग आम्ही दोघी लिंबाखाली बसलो, अंधारात,
आणि ती मला शिव्या देत राहिली, उर्दूत आणि मराठीत,
दोन्ही भाषा संपेपर्यंत.

नाकानं कांदे सोलणाऱ्या बाया गल्लीत पुष्कळ.
कामाचं नाक एकच.
सकाळी सहाला नुसरत दारात येते,
उंबऱ्यावर उभी राहून एक लांब श्वास घेते,
हं, म्हणते, आणि जाते.
दोन गरम भाकरी तिच्या. हिशोब नाही.

परवा ती उदगीरला गेली, लेकीचं बाळंतपण.
जाताना वाटीत साबणाचा चुरा देऊन गेली.
काडी लावून बघणारे लोक असतात,
त्यांच्या घरचं पाणी पिऊ नको, म्हणाली.

रोज पहाटे पाणी घुसळते.
बोटानं फेस लावते: टाकीच्या गळ्याला,
रेग्युलेटरच्या बुडाला, नळीच्या दोन्ही तोंडांना.
नळीवरची तारीख चष्मा लावून वाचते,
ज्या वर्षी जावयाला पहिलं धोंड्याचं वाण दिलं, त्याच वर्षाची.
म्हणजे मुदत होऊन गेली.

पाचव्या दिवशी, शेगडीकडच्या टोकाला,
फेस हलला.
आधी मोहरीएवढा, मग हरभऱ्याएवढा,
मग एक गोल फुगा, खिडकीचा उजेड घेऊन,
निळा, गुलाबी, थोडा पारव्याच्या मानेचा.
फुटला.
त्याच जागी दुसरा.

दोन वर्षांत पहिल्यांदा मला वास आला.
डोळ्यांनी.

रेग्युलेटर फिरवलं, दारं उघडली,
बाहेर येऊन मुंजाजीला फोन लावला.
पोरांना त्या दिवशी मुरमुऱ्याचा सुसला गेला, शेजारच्या शेगडीवरचा,
तीन जणांनी तक्रार केली, केली तर केली.
नवी नळी नारिंगी आहे, ताठ, अजून घराला न सरावलेली.
बर्नरची भोकं पिनेनं साफ केली त्याच हातानं,
जाळ निळा झाला, जुना पिवळेपणा गेला.

रात्री उदगीरहून फोन.
मुलगी झाली, म्हणाली नुसरत.
नाक कुणासारखं? मी विचारलं.
ती हसलीच नाही.
आधी सांग, टाकी बंद केलीस का?